पॅकिंगमामा आणि तारेवरचे तीन निरपराध

मामा,

पत्र लांब आहे, तेव्हा आधी चष्मा शोधा. कपाळावर आहे. सापडला असेल तर स्टुलावर बसा. खुर्ची आता तुमची नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

परवा जिन्यात तुम्ही मला अडवून म्हणालात, "बाई, तुम्ही एवढं लोकांवर लिहिता, कधी माझ्यावर लिहा की. फक्त ते सेन्सरचं तेवढं वगळा." मामा, सेन्सरचं वगळलं तर तुमच्यावर लिहायला उरतं काय? वेळेवर दुकान उघडलं, वेळेवर बंद केलं, कोणाचं वाईट केलं नाही. असल्या मजकुराला लोक श्रद्धांजली म्हणतात, आणि तुम्ही तर चांगले ठणठणीत आहात. मी अठ्ठावीस वर्षं विज्ञानाचे पेपर तपासले. अर्धवट उत्तर मला चालत नाही. सगळं लिहिणार.

आणि ओळीओळीला "तुम्ही, तुम्ही" करत बसले तर वाचणाऱ्यांना वाटेल मी तुमच्याशी भांडतेय. म्हणून इथून पुढे तुम्ही नुसते "मामा". गोष्ट मी सांगणार. मध्ये बोलायचं नाही.

तर मामांचं गॅरेज गोदामांच्या मागच्या रस्त्याला आहे. एका वेळी दोन ट्रक मावतात. तिसरा आला तर त्याचं नाक बाहेर राहतं. जमिनीला मामांनी फिकट राखाडी रंग दिलाय. असला रंग गॅरेजला कोणी शहाणा माणूस देत नाही, कारण त्यावर तेलाचा एवढासा थेंबही उठून दिसतो. मामांना तो दिसायलाच हवा असतो. सकाळी आल्याआल्या ते गुडघे टेकतात, गाल जवळजवळ जमिनीला लावतात आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखाली एक डोळा मिटून बघतात. थेंब दिसला की संपलं. गाडी दुसऱ्या कशासाठी आलेली असो, आधी तो थेंब बंद होणार.

थेंबावर मामांचं औषध एकच: पॅकिंग. दोन लोखंडी भागांच्या मधून तेल पाझरू नये म्हणून बसवायचा जाड कागद तो. बाजारात तयार मिळतो, पण मामांना बाजारचा चालत नाही. कागदाचा ताव त्या भागावर ठेवायचा आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं, टक टक टक. लोखंडाची धारच कागद कापते. कात्री नको, मोजपट्टी नको. मी उभी राहून पाहिलंय. पोळ्या लाटणाऱ्या सराईत बाईचं लक्ष जसं पोळीकडे नसतं, तसं मामांचं हातोडीकडे नसायचं, गप्पा चालू आणि कागद गोल.

हे वेड गॅरेजात राहिलं असतं तर ठीक होतं. मामांच्या घरात खिडक्या वाजत नाहीत, पॅकिंग आहे. जेवणाचं टेबल डगमगत नाही, पॅकिंग आहे. चष्म्याच्या काडीत आहे, फोटोच्या काचेमागे आहे. मामी सांगतात, "लग्न ठरल्यावर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा माझी चप्पल ढिली होती. दुसऱ्या माणसानं कविता म्हटली असती. यानं चप्पल मागून घेतली आणि आत पॅकिंग घातलं." मग पाय पुढे करून म्हणतात, "अजून घट्ट आहे."

पॅकिंगमामा हे नाव असं पडलं. त्यातला "मामा" मात्र भाचीमुळे. ही त्यांच्या बहिणीची मुलगी. मोटारींचा डिप्लोमा घेतला आणि एक लॅपटॉप, एक स्कॅनर आणि भरपूर मतं घेऊन मामांच्या गॅरेजात आली. ती दिवसभर "मामा, मामा" करते म्हणून सगळा रस्ता करतो. स्कॅनरची वायर गाडीला जोडली की गाडीचा कॉम्प्युटर आपली दुखणी पडद्यावर लिहून देतो. मामा याला "उंटावरून शेळ्या हाकणं" म्हणत. भाची म्हणे, "हाक तू हातानं. शेळ्या माझ्याच आधी घरी येतात."

आणखी दोन वस्तू सांगते, मग गोष्ट सुरू. एक, मामांची खुर्ची. भंगारात निघालेल्या एका ट्रकची ड्रायव्हरची सीट, खाली पोलादी पाय जोडलेले. हवेवर चालते, मामा बसले की फुस्स करून बोटभर खाली जाते आणि मग त्यांना सांभाळत वर येते. तीत दुसरं कोणी बसत नसे. मामांनी मनाई केली नव्हती, पण कोणी बसत नसे.

दुसरी, मागच्या भिंतीवरची तार. ज्या भागानं गाडी बिघडवली तो काढला की मामा त्या तारेवर टांगतात, गळ्यात चिठ्ठी बांधून. "नोझल. चार दिवस फसवलं." "वायर. वरून शहाणी, आतून तुटकी." "बेअरिंग. हे बिचारं ओरडत होतं, ऐकलं मीच नाही." वाट बघत थांबलेली गिऱ्हाइकं ही तार वर्तमानपत्रासारखी वाचतात. तारेचा नियम कडक: नवा भाग बसवून गाडी एक पूर्ण फेरी मारून आली आणि नीट चालली, तरच जुना भाग गुन्हेगार. तोवर तो नुसता संशयित, आणि संशयिताची जागा टेबलावर.

आता गाडी. धुलाईवाल्या बाईंच्या सहा ट्रकांपैकी दुसऱ्या नंबरचा. चार हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले यांच्याकडे धुवायला येतात. ट्रक स्वच्छ गठ्ठे पोचवतो आणि मळके घेऊन परततो. चालवणाऱ्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो तोंडानं अखंड शिट्टी वाजवत असतो. गाडीची तब्येत स्कॅनरशिवाय कळते ती यावरूनच. शिट्टी बंद म्हणजे गाडी बंद.

उन्हाळा चढला आणि शिट्टी बंद पडू लागली. सकाळी गार इंजिन किल्ली फिरवताच चालू. पहिल्या हॉस्पिटलला बंद करून गठ्ठे उतरवायचे, वीस मिनिटं, आणि मग सेल्फ मारला की घुर्र, घुर्र, घुर्र. कधी दहा सेकंदांनी चालू, कधी पंचवीस. आणि एकदा का चालू झालं की काही तक्रार नाही, चढ असो की ओझं. बरं, इंजिन चालू ठेवून उभं राहावं तर हॉस्पिटलच्या फाटकावरचा पहारेकरी अंगावर येतो, धूर खिडक्यांतून आत जातो म्हणून. एके दिवशी तिसऱ्या हॉस्पिटलच्या दारात गाडी दीड तास आडवी. शेवटी नर्सबाईंनी गठ्ठे स्ट्रेचरवर घालून आत नेले. पेशंट म्हणे घाबरले.

स्कॅनर लावला. पडद्यावर आलं: कॅमशाफ्टच्या सेन्सरकडून खबर नाही.

"बघ," भाची म्हणाली, "नाव-गाव-पत्त्यासकट गुन्हेगार."

जुना सेन्सर काढून टेबलावर ठेवला, नवा बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा आणला, कोपऱ्यावरच्या पार्टवाल्याकडूनच. तीन दिवसांनी तेच. तिसरा आणला. एक दिवस. वायरिंग भाचीनं टोकापासून टोकापर्यंत मोजलं, सगळं ठीक. मामांचं डोकं एवढं फिरलं होतं की त्यांनी आपला नियम मोडला. नंतर काढलेला प्रत्येक नवा सेन्सर टेबलावर न ठेवता रागारागानं सरळ तारेवर. फेरी नाही, खातरजमा नाही, आणि तिसराही उतरवून चौथ्याची वाट बघत टांगलेला. तिघं शेजारी शेजारी लटकत होते.

बुधवारी धुलाईवाल्या बाई स्वतः आल्या. बाई ठेंगण्या, आवाज उंच.

"मिस्तरी, हा सेन्सर सेन्सर म्हणजे आहे काय एवढा? अंगठ्याएवढी वस्तू, आणि माझा ट्रक अडवते?"

मामांना समजावून सांगायला आवडतं. ते खुर्चीत बसले, फुस्स झालं.

"बाई, तुमची गाडी हॉस्पिटलच्या दारात दोनदा येते. एकदा स्वच्छ चादरी द्यायला, एकदा मळक्या न्यायला. बरोबर? आता पहारेकरी आंधळा आहे असं धरा. गाडीचा आवाज आला की तो नुसता ओरडतो, 'आली!' आतल्या माणसानं काय करायचं? हात पसरायचे की मळका गठ्ठा फेकायचा?"

"चुकून स्वच्छ गाडीवर मळका गठ्ठा फेकला तर मी त्याला धुवून काढीन."

"तसंच इंजिनाचं. पिस्टन सिलिंडरात वर येतो तो दोनदा. एकदा हवा दाबून दाबून तापवत येतो, तेव्हा डिझेल फवारायचं. दुसऱ्यांदा जळका धूर बाहेर ढकलत येतो, तेव्हा फवारलं तर वाया. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतो तो मोठा दांडा, त्याच्यावरचा सेन्सर हा आपला आंधळा पहारेकरी, 'वर आला' एवढंच सांगतो. कशाला आला ते सांगतो हा कॅमवरचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावरचा. कारण क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक मारतो. त्याच्या एका फेऱ्यात सगळी हकिकत येते."

"दिसतं कसं त्याला? डोळा आहे?"

"चुंबक आहे," भाची लॅपटॉपमागून म्हणाली. "चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. समोर कॅमचं चाक फिरतं, त्याला सात दात. सहा सिलिंडरांचे सहा, आणि सातवा पहिल्या नंबरची खूण. लोखंडी दात चुंबकासमोरून गेला की गुंडाळीत विजेचा एक छोटा झटका उठतो. कॉम्प्युटर ते झटके मोजतो आणि ठरवतो, आता पाळी कोणाची. झटके मिळाले नाहीत तर तो बसतो अंदाज बांधत, आणि तुमचा शिट्टी बसतो सेल्फ मारत."

"मग चालू झाल्यावर कशी चालते?"

"एकदा पाळी ठरली की पुढे क्रँकवर भागतं. शिवाय चाक जोरात फिरलं की झटकाही जोरात उठतो. सेल्फवर चाक फिरतं हळू, म्हणून झटका अशक्त. तापलेल्या गुंडाळीत आणखी अशक्त." मग ती मामांकडे वळली. "मामा, दात आणि सेन्सरमधलं अंतर मोजलंस का?"

"मोजायचं काय त्यात? ते कंपनीनंच ठरवून दिलेलं. बोल्ट घट्ट केला की आपोआप एक मिलिमीटरच्या आसपास येतं."

"मोजलंस का, हे विचारलं मी."

"तिकडे हात कोणाचा जातो? माझाच ना? डिझेलच्या पंपाच्या मागे आंधळ्यासारखं बोटांनी काम करावं लागतं. तिन्ही वेळा बोट फिरवून पाहिलंय. एक थेंब तेल नाही. कोरडं ठाक."

"मी तेलाचं नाही विचारत, मामा."

धुलाईवाल्या बाईंना मामा-भाचीच्या वादात रस नव्हता. "मिस्तरी, सहा ट्रक चौदा वर्षं तुमच्याकडे आहेत. शुक्रवारपर्यंत ही गाडी चारही हॉस्पिटलं करून नीट परत आली नाही, तर सहाच्या सहा त्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला जातील. आणि एक विचारू? चूक सेन्सरची नसून तुमच्याच हातची असेल तर?"

गॅरेजात तेव्हा शिट्टी होता, दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर होता, कोपऱ्यावरचा पार्टवाला उगाच डोकावायला आला होता. एवढ्यांच्या देखत विचारल्यावर मामांसारखा माणूस काय करणार? ते उठले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले:

"माझ्या हातची चूक निघाली, तर ही खुर्ची भाचीची आणि माझा पाना खाली. सगळ्यांनी ऐका."

भाचीनं कपाळावर हात मारला. पुरुषांना शपथ घ्यायला कोणी सांगितलेलं नसतं.

गुरुवारी दुपारी मामा आमच्या इमारतीचा जिना चढले. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी बाई राहते (कोण ते मामांना ठाऊक आहे). तिच्या स्वयंपाकघरातला नळ गेले वर्षभर ठिबकत होता, आणि थेंबाचा वैरी खाली राहात असूनही ठिबकत होता, कारण "उद्या येतो" हे वाक्य कोणत्याही धंद्यातल्या मिस्तरीला पाठ असतं. त्या दिवशी मामा आले ते नळाच्या काळजीनं नव्हे. डोकं चालेनासं झालं की मामांना एखादा थेंब बंद करायला लागतो, एवढंच.

"शुक्रवार उद्या," ते नळ उघडता उघडता म्हणाले. "चौथा सेन्सर आणायला पोरगी गेलीये. बाई, साठी उलटल्यावर माणसानं पाना खाली ठेवला तर हात कुठे ठेवायचे हो?"

"खिशात ठेवा. आधी माझा नळ."

मामांनी नळातला झिजलेला वॉशर काढला, उजेडाकडे धरून त्याची कीव केली आणि तसाच नवा कापायचा म्हणून शर्टाच्या खिशात टाकला. तेवढ्यात त्या बाईनं वाचनालयाच्या पुस्तकांची यादी फ्रिजच्या दाराला लावायला घेतली. दारावर एका चुंबकाखाली आधीच दवाखान्याचा कागद होता, औषधांचं वेळापत्रक होतं, नातीनं काढलेलं एक जाड पुठ्ठ्यावरचं चित्र होतं. त्याखाली यादी सरकवली, आणि चुंबक सुटला. कागद जमिनीभर.

"एवढासा जीव आणि नखरे बघा!" बाई चिडल्या. "एक कागद जास्त झाला की लगेच हात वर."

मामा कागद गोळा करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"बाई, चुंबक तोच?"

"तोच."

"फ्रिज तोच?"

"नाही, मघाशी बदलून आणला! तुम्हाला झालंय काय?"

"मध्ये फक्त कागद वाढला."

"मग वाढणारच ना अंतर! अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा राहतो असं समजू नका, त्याहून कितीतरी खाली—"

पुढचं वाक्य जिन्यानं ऐकलं. मामा पायऱ्या दोन दोन करून उतरत होते. नळ उघडा पडला होता, पाण्याचा मुख्य कॉक बंद होता, वॉशर त्यांच्या खिशात होता आणि फ्रिजवरचा चुंबक त्यांच्या मुठीत.

गॅरेजात कोणी नव्हतं. शिट्टी चहाला गेलेला. मामा बोनेटपाशी गेले नाहीत, आधी नुसते उभे राहिले. आता त्यांना सगळं आठवत होतं. थंडीत हीच गाडी आली होती. त्याच सेन्सरच्या बुडाशी तेलाचा एक थेंब. मामांनी सेन्सरची रबरी रिंग बदलली, तेवढी पुरली असती. पण नुसत्या रिंगवर मामांचं समाधान होतं कुठे? कमरेला पट्टा असला तरी वर नाडी हवीच. त्यांनी एक चांगलं जाड पॅकिंग ठोकून काढलं आणि सेन्सरच्या बुडाखाली इंजिनाला डिंकासारख्या काळ्या मसाल्यानं चिकटवून टाकलं. थेंब बंद. गार दिवसांत गाडीनं ते सोसलं. ऊन वाढलं आणि झटका पोचेनासा झाला. नंतर तीनदा सेन्सर बदलताना तीनदा त्यांनी तिथं बोट फिरवलं, आणि तीनदा खूश झाले, पॅकिंग शाबूत आहे म्हणून!

त्यांनी हात पंपामागे घातला. बोटाला ते लागलं, गुळगुळीत, इंजिनाचाच भाग वाटावं असं. पात्यानं खरवडून खरवडून बाहेर काढलं. जाडी मोजली. सव्वा मिलिमीटर. तारेवरचा शेवटचा सेन्सर काढला, नुसत्या रबरी रिंगेवर बसवला, बोल्ट आवळला, थेंब येतो का ते पाहिलं. नव्हता येत. अर्धा तास इंजिन तापवलं, काटा वर आला, बंद केलं. किल्ली फिरवली.

अर्ध्या घुर्रमध्ये चालू.

बंद. पुन्हा चालू. मामांनी हे अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी शिट्टी चहाचा पेला घेऊन दारात आला आणि शिट्टी वाजवायलाच लागला. पाठोपाठ भाची आली, हातात चौथा सेन्सर.

"मामा! कशी झाली?"

मामांचा डावा हात खिशात होता. खिशात पॅकिंग होतं.

"तिसरा सेन्सर आता रुळला असेल," शिट्टीच म्हणाला. "नवी चप्पल नाही का आधी चावते?"

"काहीतरीच! कनेक्टर ढिला असणार. तू नीट बसवलास ना, मामा?"

"हं," मामा म्हणाले. आणि भाचीच्या सांगण्यावरून त्यांनी तो सेन्सर पुन्हा काढून चौथा बसवला, तिसरा पुन्हा तारेवर गेला. त्या एका "हं"चं ओझं सहा ट्रकांएवढं होतं, हे मी सांगत नाही, मामीच सांगतात. त्या दिवशी जेवताना म्हणे मामा टेबल हलवून हलवून पाहात होते, डगमगतं का म्हणून.

शुक्रवारी गाडी चार हॉस्पिटलं करून आली. शिट्टी दोन रस्ते आधीपासून ऐकू येत होती. धुलाईवाल्या बाई खूश, म्हणजे आवाज नेहमीचाच, पण शब्द बरे.

"मिस्तरी, जिंकलात. आता त्या पार्टवाल्याचं काय? तीन-तीन खोटे सेन्सर विकतो म्हणजे काय? मी आत्ता जाते आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याला धुते."

"मी काल बोललेच त्याला," भाची चिठ्ठ्या आणि पेन घेऊन तारेपाशी गेली. "चांगलं तोंडावर बोलले. मामा, फेरी झाली. आता यांच्या गळ्यात काय लिहू? 'तिघं सख्खे भाऊ, तिघं खोटारडे'?"

मामा खुर्चीत बसले. फुस्स झालं, खुर्ची खाली गेली आणि सवयीप्रमाणे वर आली. समोर तार होती. तिघं लटकत होते. त्यांनी काय केलं होतं? तिघांनी तीन वेळा एकच खरं सांगितलं होतं: मला नीट दिसत नाहीये. आणि प्रत्येक वेळी मामांनी त्यांना फासावर दिलं होतं.

"थांब," मामा म्हणाले. "लिहू नकोस. उतरव त्यांना."

"का?"

मामा उठून तारेपाशी गेले. एक एक करून तिन्ही सेन्सर काढले, फडक्यानं पुसले, टेबलावर मांडले. मग खिशातून ते काळं कडं काढलं आणि तारेला अडकवलं. चिठ्ठी स्वतः लिहिली, सावकाश, आणि बाजूला झाले. भाचीनं मोठ्यानं वाचली:

"पॅकिंग. सव्वा मिलिमीटर. गरज नसताना मामांनी घातलं. तीन निरपराध लटकवले. वर एक दिवस गप्प बसले."

गॅरेजात एवढी शांतता मी कधी ऐकली नाही, असं शिट्टी सांगतो. तो स्वतःच गप्प होता म्हणून असेल.

"म्हणजे मिस्तरी, काखेत कळसा, आणि तोही तुमचाच?" धुलाईवाल्या बाई म्हणाल्या.

"माझाच."

"आणि काल कळलं होतं?"

"कालच."

"मामा!" भाचीचे डोळे भरले होते की ती हसू दाबत होती, नक्की सांगता येत नाही, दोन्ही असावं. "तुला मी विचारलं होतं. मोजलंस का, विचारलं होतं!"

"विचारलं होतंस." मामांनी हातातला पाना टेबलावर ठेवला, तिघा सेन्सरांच्या शेजारी, आवाज न करता. "बस खुर्चीत."

"नको."

"सगळ्यांनी ऐकलंय. बस."

ती बसली. फुस्स. मामांपेक्षा हलकी, त्यामुळे खुर्ची थोडीच खाली गेली आणि चटकन वर आली. भाचीनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, एकदा छताकडे पाहिलं, आणि आवाज एकदम बदलला.

"मामा, थंडीत बाईंच्या किती गाड्या आल्या होत्या आपल्याकडे?"

"सहाही."

"आणि थेंब किती गाड्यांना होता?"

मामांनी चष्मा पुसायला घेतला.

"मामा, किती गाड्यांना घातलंस?"

"आणखी दोन," मामा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

धुलाईवाल्या बाईंनी तोंडावर हात घेतला. मला वाटलं आता स्फोट होणार, असं शिट्टी सांगतो. पण बाई हसत होत्या, खांदे गदागदा हलवून. "तरीच पाच नंबरवाला परवापासून कुरकुरतोय! आणि मी त्याला म्हणते, तुलाच गाडी चालवता येत नाही!" डोळे पुसून त्या खुर्चीकडे वळल्या, मामांकडे नाही. "तर मिस्तरीबाई, दोन्ही गाड्या उद्या सकाळी पाठवते. सर्व्हिस सेंटरचं नंतर बघू. तिथं चूक झाली तर तारेवर टांगणार कोण?"

"पाठवा. पण पंपामागे माझा हात जात नाही," भाची म्हणाली. "मामा, इकडे ये. तुझी मालकीण म्हणून पहिलं काम सांगते. तो पाना उचल."

"मी खाली ठेवला तो."

"म्हणूनच तर उचल म्हणते. दुसरं काम, आधी पार्टवाल्याकडे चल. मी काल बोलले ते मला परत घ्यायचंय, आणि तू सोबत हवास. तिसरं, आजपासून पॅकिंग कापायच्या आधी मला विचारायचं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. घरचंसुद्धा."

मामांनी पाना उचलला. पार्टवाल्यानं तिन्ही सेन्सर परत घेतले आणि तासभर टोमणे मारले, ते तुम्हाला पाठ आहेत मामा, मी पुन्हा लिहीत नाही. हो, "तुम्ही" झालं पुन्हा. गोष्ट संपली, आता भांडण.

त्या गुरुवारी तुम्ही गेलात, त्यानंतर मला शेजारच्यांकडून पाणी आणून स्वयंपाक करावा लागला. मग त्यांच्याच जावयानं जुना कसलातरी चकतीचा तुकडा घालून नळ कसाबसा बसवला. तो ठिबकतोय. वर्ष होत आलं. खाली वाडगा ठेवलाय. तो भरला की मी कुंडीत ओतते, आणि झाडाला आता फार पाणी होतंय. माझा वॉशर अजून तुमच्या खिशात आहे, की शर्टाबरोबर धुतला गेला? चुंबक मात्र कुठे आहे ते मला माहीत आहे. तुमच्या खुर्चीच्या, म्हणजे भाचीच्या खुर्चीच्या पायाला चिकटलेला मी स्वतः पाहिला, आणि त्याच्याखाली तुमचे "पॅकिंग कापायची परवानगी" असं लिहिलेले, भाचीच्या सहीविना, तीन अर्ज.

फ्रिजवर जागा रिकामी आहे. यादी मी चिकटपट्टीनं लावलीय.

नळासाठीचं पॅकिंग मंजूर झालं का, तेवढं भाचीला विचारा. की मीच विचारू? जिन्यात काल भेटलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "उद्या येतो."